पारीवरचा चौथा दगड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या गावच्या तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, सात दगड होते. त्यातला चौथा मी सरकवला होता. फार नाही, हातभर. उगवतीकडे.

लिहिलं तर दोन ओळींत झालं. पण या दोन ओळी सव्वीस-सत्तावीस वर्षं माझ्या आत पडून आहेत. बायकोला सांगितलं नाही. वडील जाण्याआधी तीन दिवस त्यांच्या उशाशी बसून होतो, तेव्हाही तोंडाशी आलं आणि गिळलं. कॉलेजात सगळे म्हणतात, विलास सर कमी बोलतात, स्वभावच आहे त्यांचा. थोडा स्वभाव आहे, हे खरं. बाकीचा तो दगड आहे.

यंदाही हत्ती कोरडा गेला. हस्त नक्षत्राला आमच्याकडे हत्तीच म्हणतात. गेले पंधरा दिवस ब्रह्मपुरीच्या बाजारात माणसं बोलता बोलता मध्येच वर पाहतात. भाजीचा भाव विचारताना, जीपमध्ये एक पाय टाकताना, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटताना. आभाळ निळंशार, धुऊन ठेवल्यासारखं, आणि ते पाहून कुणालाच आनंद होत नाही. मी सकाळी फिरायला जातो त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान निसवायला लागला आहे. निसवणं म्हणजे पानाच्या पोटातून लोंब बाहेर येणं. त्या आठ-दहा दिवसांत शेतावरून एक वास येतो. शिजल्या भाताचा नव्हे, फुलाचाही नव्हे. तान्ह्या लेकराच्या टाळूला येतो तसा, कोमट. तेवढे दिवस बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी लागतं. आधी थोडं कमी पडलं तर धान सोसून घेतो. पुढे कापणीपर्यंत तर नकोच असतं. पण या दिवसांत नसलं की लोंब बाहेर येते खरी, दुरून भरल्यासारखी दिसते, आणि चिमटीत दाणा दाबला की आत काहीच नसतं. नुसतं पोचट. भरलेली लोंब वाकते. पोचट लोंब ताठ उभी राहते, अगदी शेवटपर्यंत.

मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. दरवर्षी जुलैत पहिल्या तासाला तेच सांगायचं. माणसाच्या गरजा अमाप, साधनं मोजकी, म्हणून हे शास्त्र. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “सर, मंग वाटते कोन?”

पुस्तकात उत्तर आहे. बाजार वाटतो, सरकार वाटतं, रूढी वाटते. मी तिन्ही नावं फळ्यावर एकाखाली एक लिहिली, आणि खडू तिसऱ्या नावाखाली टेकवून ठेवला. मुलांना वाटलं असेल, सर चौथं काही आठवून राह्यले.

मला दौलतभाऊ आठवत होते.

आमचं गाव ब्रह्मपुरीहून जीपनं पाऊण तास, वैनगंगेच्या अलीकडे. गावाला जुना मालगुजारी तलाव. त्याची मातीची पार पूर्व-पश्चिम पसरलेली, तिच्यावर मोहाची पाच झाडं. पारीच्या पोटात दगडी मोरी, तिला आम्ही तुडूम म्हणतो. तुडुमाला एकाखाली एक पाच छिद्रं, त्यांत लाकडी खुंट्या ठोकलेल्या. तलाव भरलेला असला की वरची खुंटी काढायची, पाणी उतरलं की त्याच्या खालची. पाचवी कधीच काढायची नाही. ते पाणी जनावरांचं आणि ढिवरांच्या मासोळीचं. असं कुणी ठरवलं होतं ते कुणाला माहीत नव्हतं, आणि मोडायचं कुणाच्या डोक्यातही येत नव्हतं.

खुंट्या काढायचा-ठोकायचा मान एका माणसाचा, पाणकराचा. माझ्या तरुणपणी ते दौलतभाऊ होते. साठीच्या पुढचे, हडकुळे, हातात खुंट्या ठोकायची बाभळीची मोगरी. त्यांना प्रत्येक घराकडून धानाच्या वेळी सूपभर धान मिळायचा. त्याबदली ते पावसाळ्यापासून कापणीपर्यंत पारीवरच राहायचे म्हटलं तरी चालेल. त्यांच्या स्वतःच्या शेताला तलावाचं पाणी पोचत नव्हतं. शेत उंचावर होतं. गावानं पाणकर निवडताना तेच आधी पाहिलं होतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

पाळीची एक गंमत होती. पाणी आधी शेवटच्या शेताला. तुडुमाजवळच्यानं, ज्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, नहर वाहत जायची, त्यानं नुसतं पाहत बसायचं. लहानपणी मला हा अन्याय वाटायचा. एकदा मी दौलतभाऊंना विचारलं.

“जवळच्याले पयले देल्लं,” ते म्हणाले, “तं तो आपल्यापुरती नहर साफ करन अन् घरी जाऊन झोपन. शेवटच्यावाल्याले पयले देल्लं का नहर शेवटपर्यंत साफ होते. अन् जवळच्याले आपली पाळी यावी वाटते, म्हनून तोच राखन बसते.”

पुढे एम.ए.ला मी बरीच जाड पुस्तकं वाचली. या तीन वाक्यांच्या तोडीचं मला त्यांत फार थोडं सापडलं.

वेळ मोजायचा बांबूच्या सावलीनं. पारीवर दीड पुरुष उंचीचा बांबू रोवलेला. त्याच्या उत्तरेच्या अंगाला, मावळतीकडून उगवतीकडे, सात दगड. सकाळी सावलीचं टोक पहिल्या दगडाला लागलं की पाणी सुटायचं. दुसऱ्याला लागलं की पहिल्या घराची पाळी संपली. सात दगड, सहा पाळ्या. सातव्यावर तुडूम बंद. रात्री पाणी कुणालाच नाही.

तेव्हा घड्याळं नव्हती असं नाही. चांगली मनगटा-मनगटावर होती. एका साली कुणीतरी सभेत घड्याळाचा विषय काढलाही होता. सरपंचांनी विचारलं, आता किती वाजले? पाच जणांनी मनगटं पाहिली आणि पाच वेगवेगळ्या वेळा सांगितल्या. “माही रेडिओशी मिळवली हाये.” “तुहा रेडिओच मागं चालते लेका!” त्यावर इतकं हसणं झालं की विषय तिथंच संपला. दौलतभाऊ मात्र हसले नव्हते. परत जाताना मला म्हणाले, “घड्याळ ज्याच्या हातात, पानी त्याच्या हातात. सावली कोनाच्या खिशात जात नाई बाबू. आंधळा सोडला तं सप्पा गावाले दिसते.”

“आन आभाळ असलं तं?”

“आभाळ असलं तं भांडते कोन?”

त्या वर्षी मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो. नोकरीचे अर्ज टाकायचे आणि वाट पाहायची. रिकामा म्हणून दौलतभाऊंसोबत पारीवर जाऊन बसायचो. त्यांनाही कुणीतरी हवं होतं. गुडघे दुखायचे, नहरीच्या टोकापर्यंत जाऊन येणं जड जायचं. त्यांनी मला दगड शिकवले. सूर्य दक्षिणेकडे सरकतो तसे दर आठ दिवसांनी दगड हलवावे लागतात. सकाळ-संध्याकाळची सावली घाईत असते, म्हणून कडेचे दगड लांब लांब. दुपारची रेंगाळते, म्हणून मधले जवळ जवळ. बाकीचे सहा दगड पुढे-मागे, डावी-उजवीकडे कसेही हलतील, पण चौथा कधी डावी-उजवीकडे जायचा नाही. तो बांबूच्या नाकासमोर, ध्रुवाच्या रेषेत, भर दुपारची सावली पडते तिथं. तो फक्त लांब जातो किंवा जवळ येतो.

“हे गावात कोनाले मालूम नाई,” ते म्हणाले होते. “कोनं इचारलंच नाई कधी. तू इचारलं म्हनून सांगून राह्यलो.”

हे वाक्य मी कितीतरी वेळा मनात फिरवून पाहिलं आहे. विचारलं म्हणून मला कळलं, आणि कळलं म्हणूनच मला ते करता आलं.

त्या वर्षीही हत्ती असाच कोरडा गेला होता. तलावात चौथ्या खुंटीपुरतं पाणी उरलं होतं. म्हणजे प्रत्येक घराला एकच पाळी, पुन्हा नाही. आमची पाळी तिसऱ्या ते चौथ्या दगडाची. चौथ्यापासून पाचव्यापर्यंत इंदूबाईची. इंदूबाई आमची वरच्या अंगाची शेजारीण. बौद्ध मोहल्ल्यातलं घर, तीन बांध्यांचं शेत, सासऱ्यानं कष्टानं मिळवलेलं. नवरा गडचांदूरच्या बाजूला सिमेंटच्या कारखान्यात कंत्राटी कामाला होता. शेत ती एकटीच पाहायची. कमरेला पदर खोचून, हातात फावडा घेऊन, तोंडानं अखंड बोलत. माणसाशी नाही तर धानाशी.

त्या दिवशी दुपार व्हायच्या आधी दौलतभाऊ उठले. “खेकड्यानं नहरीले भोक पाडलं म्हनते खाल्ल्या अंगाले. जाऊन येतो. तू सावली पाह्य. चौथ्याले लागली का हाक देजो.”

मी एकटा उरलो. खाली वडील पाणी वळवत होते. दोन बांध्या भरल्या होत्या, कोपऱ्यातली बाकी होती. तिच्यात भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान, नुकताच निसवलेला. पाणी तिच्या तोंडाशी पोचलं होतं आणि सावली चौथ्या दगडापासून चार बोटांवर होती. वडिलांनी एकदा वर पाहिलं. माझ्याकडे नाही, सूर्याकडे.

वडिलांनी मला काही सांगितलं नव्हतं. त्यांना शेवटपर्यंत काही कळलंही नाही. मी दगड उचलला. खाली गवत फिकट पिवळं, दबलेलं, त्यात एक गोम. मी दगड हातभर उगवतीकडे ठेवला. दुपारी सावली रेंगाळते, तेव्हा त्या हातभरात अर्धा तास मावतो, हे मला माहीत होतं. सकाळचा दगड इतका सरकवून काहीच हाती लागलं नसतं. दुपारचाच दगड हवा होता. एवढा हिशेब मी उभ्या उभ्या केला.

हे सगळं लिहिताना सगळ्यात जड जातंय ते हे. मला भीती वाटली नाही. मला कुतूहल वाटलं. असं केलं तर काय होतं, हे पाहावंसं वाटलं. सावली त्या पिवळ्या गवतावर आली, थोडी थांबल्यासारखी वाटली, आणि त्याच्यावरून पुढे गेली. आभाळातून काही पडलं नाही. मोहावर पाखरं होती ती तशीच बोलत राहिली.

खालून इंदूबाईनं डोळ्यांवर हात धरून विचारलं, “झाली का गा पाळी?”

“नाई अजून!” मी ओरडलो.

दगड बोलत नाही, पण मी बोललो. त्या दोन शब्दांसाठी माझ्याजवळ कुठलंही कारण नाही.

कोपऱ्यातली बांधी भरली. वडिलांनी दुपट्टा हलवला. सावली दगडाला टेकली आणि मी इंदूबाईला हाक दिली. दगड परत ठेवणार, तेवढ्यात दौलतभाऊ मोहाच्या आडून आले. त्यांनी बांबू पाहिला, सावली पाहिली, दगड पाहिला. मग ते पिवळं गवत. किती वेळ पाहिलं, सांगता येत नाही. त्यांनी पायानं थोडी माती ओढली आणि त्या पिवळ्या जागेवर पसरली.

“जेवला का तू?”

“नाई.”

“जाय. जेवून ये.”

मी जेवून आलो तेव्हा चौथा दगड बांबूच्या नाकासमोर होता.

पाचवा दगड जिथं होता तिथंच होता. सावली तिथं वेळेवर पोचली, आणि इंदूबाईची पाळी अर्धा तास आधी संपली. तिची वरची बांधी कोरडी राहिली. मी अनेकदा स्वतःलाच विचारलं, दौलतभाऊंनी पाचवाही दगड थोडा पुढे का नाही नेला? पण तो नेला असता तर पाचव्या पाळीवाल्यानं विचारलं असतं, काऊन, का म्हणून? आणि त्या एका ‘काऊन’चं टोक धरून गाव माझ्यापर्यंत आलं असतं. आमचं घर आणि बौद्ध मोहल्ला, त्यात पाणी, त्यात निसवता धान. त्यांनी काय तोलून पाहिलं ते मला माहीत नाही. माझी बाजू राखताना पारडं इंदूबाईच्या अंगावर पडलं, एवढं मला दिसतं.

चौथ्या दिवशी समाजमंदिरात सभा बसली. इंदूबाई उभी राहिली. “दौलतभाऊ, सप्प्याईच्या पाळीत सावली चालते. माह्या पाळीत काऊन पळते?”

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, “बाई, सूर्याले इचार ना.”

“सूर्याले इचारूनच आली,” ती म्हणाली. “मी माह्या धुऱ्यावर काडी रोवली होती. रोजच रोवतो. काडीची सावली सरळ झाली, तवा भर दुपार झाली. हाक आली ते मंग कितीतरी येळानं. माही काडी अन् तुमचा बांबू, दोघाईचा सूर्य येगळा हाये का?”

पुन्हा हसणं. बाईची काडी म्हणे! मी भिंतीला टेकून बसलो होतो. मला हसता आलं नाही. मला वाटत होतं की चौथ्या दगडाचं गुपित गावात आम्हा दोघांनाच माहीत आहे. ते तिसऱ्या माणसाला माहीत होतं. तिला कुणी शिकवलंही नव्हतं.

दौलतभाऊ उठले. हसणं थांबलं.

“बाईची काडी बराबर हाये,” ते म्हणाले. “दगड चुकला. माही नजर चुकली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर चुकूच शकत नव्हती. तो दगड नजरेनं मांडायचा दगडच नव्हता, तो बांबूच्या नाकासमोरचा होता. ते खोटं बोलत होते हे त्या सभेत मला एकट्याला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांना कळत होतं. त्यांनी मोगरी सरपंचांपुढे ठेवली. “मोतीबिंदू झाला म्हातारबाले,” कुणी म्हणालं. “मोतीबिंदू कायचा? कोनाच्या घरचं जेवला ते इचारा,” दुसरा म्हणाला. हा दुसरा आवाज पुढे गावभर झाला.

इंदूबाईची ती बांधी दिवाळीनंतरही ताठ उभी होती. आमची कोपऱ्यातली बांधी वाकली होती. वडील ज्याला-त्याला सांगायचे, दौलतनं यंदा पाणी छान दिलं. पुढच्या उन्हाळ्यात इंदूबाई नवऱ्याकडे गडचांदूरला गेली.

दुसऱ्या वर्षापासून घड्याळ आलं, समिती आली. तिसऱ्या वर्षी पहिला पंप थेट तलावात पडला, मग दुसरा. पाचव्या खुंटीखालचं पाणीही गेलं, मासोळी गेली, ढिवरांची पोरं नागपूरला गेली. हे सगळं माझ्या दगडामुळे झालं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे पुन्हा स्वतःलाच मोठं करणं. पंप सगळीकडेच आले. पण आमच्या गावात ते आले तेव्हा त्यांना अडवायला ज्या माणसाचा शब्द चालला असता, त्याला आम्ही आधीच खोटा ठरवून ठेवलं होतं.

नोकरीची पहिली दोन वर्षं मी भामरागडला काढली. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की रस्ता बंद. एकदा बंदच्या आठव्या दिवशी किराण्याच्या दुकानात एक पोतं बटाटे उरले. दुकानदार प्रत्येकाला विचारायचा, घरी किती तोंडं? तोंडं तेवढे बटाटे. एक साहेब आले, म्हणाले दोन किलो द्या, दुप्पट पैसे घ्या. दुकानदारानं एक बटाटा उचलून त्यांच्या हातावर ठेवला. “तुमी एकटे हा साहेब.” साहेबही हसले आणि खिशात तो एकच बटाटा घालून गेले. मी मागे थांबलो. विचारलं, दुप्पट पैसे मिळत होते, काऊन नाई घेतले? तो म्हणाला, “पूल उघडल्यावर साहेब जाईन. मले इथीच राहाचं हाये.”

आणि एकदा परीक्षेच्या कामासाठी गडचांदूरला गेलो होतो. सकाळी कामगारांच्या एका वस्तीतून चालत होतो. टँकर यायचा होता. गुंडांची, म्हणजे पाण्याच्या घागरींची, रांग लागली होती, पण बाया नव्हत्या. काही गुंडांच्या जागी विटा होत्या, एका जागी फुटका तवा, एका जागी नुसता दगड. मी एका म्हातारीला विचारलं, हा दगड कोणाचा?

“रमाचा. ते ड्युटीवरून येऊन राह्यली.”

“कोनी सरकवत नाई?”

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी वेडाच आहे. “दुसऱ्याचा दगड कोन सरकवन बापू?”

टँकर आला. रमा नावाची बाई धावत आली आणि आपल्या दगडामागे उभी राहिली. कुणी काही बोललं नाही. म्हातारीनं मला चहा विचारला, तो मी घेतला नाही. इंदूबाई याच बाजूला कुठंतरी राहत होती. मी शोधली नाही.

दौलतभाऊ मला एकदाच भेटले नंतर. ब्रह्मपुरीच्या बस स्टँडवर. सीट धरायला लोक खिडकीतून रुमाल फेकत होते, आणि ते सगळ्यात मागे, काठी टेकून, गर्दी कमी व्हायची वाट पाहत.

“मास्तर झाला म्हनते,” ते म्हणाले. “काय शिकवतं पोराईले?”

“अर्थशास्त्र.”

“मंजे?”

मी गडबडलो. “वस्तू कमी असली, आन घेणारे जास्त असले, तं ते कसं वाटावं...”

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“मंग तुले येत असन ते चांगलं.”

बस भरली होती. मी रुमाल टाकून धरलेल्या माझ्या सीटवर त्यांना बसवायला निघालो, तोवर ते म्हणाले, जाऊ दे, मागून दुसरी येते. दोन वर्षांनी ते गेले.

मी त्यांना तेव्हा विचारायला हवं होतं. सांगायला नव्हे, त्यांना सगळं माहीतच होतं. विचारायला. काऊन? तुम्ही तुमचं नाव का दिलं? माझ्या बापाची लाज राखलीत, की गावाचं भांडण टाळलंत, की ज्या पोरानं दगडाचं गुपित विचारलं त्याला ते सांगितल्याचा दंड स्वतःला लावून घेतलात? मला अजूनही यातलं कोणतं ते ठरवता येत नाही. कदाचित तिन्ही नसतील.

गेल्या आठवड्यात चुलतभाऊ गजूचा फोन आला. गावानं तलावातला गाळ काढला आहे, पंप बंद केले आहेत, जुनी पाळी पुन्हा लावायची आहे. “दादा, दगड मांडून दे. तूच दौलतभाऊजवळ बसत होता. दुसऱ्या कोनाले येत नाई.”

“मोबाईल आहेत ना सगळ्यांकडे? सगळ्यांची वेळ एकच असते आता.”

“वेळ एकच असते, पन पाहते कोन? टाइम पाह्याले काढते अन् दुसरंच पाहून बसते.” मग म्हणाला, “अन् मानसाईले दिसलं पायजे दादा. सप्प्याईले एकसाथ.”

मी रविवारी गेलो. पार तीच, मोह आता चारच उरलेत. गाळ काढल्यानं तलावाला ओल्या मातीचा आणि कुजक्या कमळमुळांचा वास. बांबू रोवला. पोरं आजूबाजूला जमली, प्रश्नावर प्रश्न, मलाही बोलावंसं वाटत होतं. बऱ्याच वर्षांनी मी भडाभडा बोलत होतो. सकाळचे तीन दगड मांडले. चौथा हातात घेतला, आणि मागून आवाज आला.

“कोन, विलास का गा?”

इंदूबाई. नवरा गेल्यावर परत आली आहे, हे माहीत होतं. पाठीत वाकली, पण तोंड तसंच. काठीनं एकेक दगड ठोकून पाहत ती माझ्यापर्यंत आली. मी म्हणालो, “बरी हायेस ना बाई?”

“मले काय होते? तू मांडून राह्यला ना दगड, मंग बराबरच असन. शिकला हायेस तू. त्या दौलतवानी नोको करजो.” ती धाप टाकत मोहाच्या मुळीवर टेकली. “मेला तवा सप्पा गाव गेलं त्याच्या मातीले. मी एकटी नाई गेली. घरात बसून राह्यली. म्हटलं, माह्या लेकराईच्या तोंडातला घास काढला त्यानं.”

माझ्या हातात दगड होता. जड नव्हता. “हूं,” मी म्हणालो.

हूं. सत्तावीस वर्षांनी तिच्यासमोर उभं राहून मला एवढंच सुचलं.

सावली तोवर बांबूच्या नाकासमोरून पुढे गेली होती. मी गजूला सांगितलं, चौथा दगड भर दुपारीच मांडावा लागतो, ती वेळ गेली, पुढच्या रविवारी येऊन मांडतो. हे खरंही होतं. दगड बांबूच्या बुडाशी ठेवला आणि निघालो. जीपमधून मागे पाहिलं तर ती अजून मोहाखालीच होती. काठी समोर मातीत रोवून तिच्या सावलीकडे पाहत बसलेली.

आज शुक्रवार आहे. बाहेर आभाळ निळं आहे, आणि खिडकीतून निसवत्या धानाचा तो वास येतो आहे.

इंदूबाईचं अर्ध्या तासाचं पाणी मी देणं लागतो. ते आता देता येत नाही. ज्या मातीला ती माझ्यामुळे गेली नाही, ते जाणंही मी तिला लागतो, आणि तेही देता येत नाही. दौलतभाऊंचं नाव लागतो. ते देता येतं. परवा भर दुपारी, पारीवर, ती समोर असताना, चौथा दगड ठेवायच्या आधी.